तक्रारीखालची तक्रार

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अकरा तक्रारी मोजल्या. खुर्ची कुरकुरते, साहेब कुरकुरतात आणि शेजारी बसणारा तर तोंड न उघडता कुरकुरतो! इतक्या नेटक्या अक्षरातली कुरकुर बऱ्याच दिवसांनी वाचली.

तक्रार करू नकोस, असं मी म्हणणार नाही. जन्मल्याबरोबर माणूस तेच तर करतो, आणि नाही केलं तर खोलीतले सगळे घाबरतात. फक्त तक्रार कशाची आहे ते एकदा उकरून बघ. बहुतेक वेळा वर एक असतं आणि खाली भलतंच.

ब्रिटिश म्युझियममध्ये मातीची एक छोटी पाटी आहे. इराकमधल्या प्राचीन उर शहरातली, इ.स.पू. १७५०च्या सुमाराची. नन्नी नावाच्या गिऱ्हाइकाने एआ-नासिर नावाच्या व्यापाऱ्याला तिच्यावर झापलं आहे. विषय काय, तर तांबं हलक्या प्रतीचं दिलं. पण पुढे वाचत गेलं की तांबं बाजूला पडतं. माझ्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवलंस, तेही शत्रूच्या मुलखातून! मला समजतोस तरी कोण? पाटी दोन्ही बाजूंनी गच्च भरली आहे. नुसत्या तांब्यासाठी एवढी माती कोण कोरेल?

माझंही तेच. खोलीतला पंखा टकटक करायचा. तीन महिने मी ती टकटक येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवली. काही जणांना तर मुद्दाम पंख्याखाली बसवून. मग एका सकाळी घरातलं कुणीतरी स्टुलावर चढलं, एक स्क्रू आवळला, आणि आवाज बंद. मला आनंद व्हायला हवा होता. झाला राग. अर्ध्या मिनिटाचं काम होतं, मग तीन महिने मी काय भिंतीशी बोलत होतो? दुपारपर्यंत घड्याळाची टिकटिक छळायला लागली. ती आधीही होतीच, पण पंखा चालू असेपर्यंत तिला माझ्याकडे वेळ मिळाली नव्हती.

शाय दाविदाई आणि टॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २०१६ साली वाऱ्याचा दाखला देऊन असंच काहीसं मांडलं. सायकलवर समोरून वारा आला की प्रत्येक पायडलला जाणवतो. पाठीमागून आला की थोड्याच वेळात विसरतो आणि वेग आपल्याच पायांचा वाटतो. म्हणून प्रत्येकाला आपलाच रस्ता चढाचा दिसतो. तुझ्या साहेबांनाही. (त्यांचं पत्र माझ्याकडे येत नाही, एवढंच.)

आता तुझ्या यादीकडे. खुर्चीला तेल घाल, आजच. चौथी तक्रार, म्हणजे काम तुझं आणि बैठकीत नाव दुसऱ्याचं, ही खरी. बाकीच्या बहुतेक तिचीच पिल्लं दिसतात. ती साहेबांसमोर बसून, एकटीच मांड. सोबत खुर्ची नेलीस तर ते खुर्चीवरच बोलतील, कारण ते सोपं आहे. सातवी वाचून मी फार हसलो, ती कुणाला सांगू नकोस.

कळव काय झालं ते.

तुझा,
काका

ता. क. : तुझ्या पत्राच्या मागच्या बाजूलाही मजकूर आहे, हे आत्ता पाकीट चिकटवताना दिसलं. म्हणजे तक्रारी अकराच्या वर आहेत. बारावी माझ्याबद्दल धर.