लार्ज फॉरमॅटची जुनी लेन्स: वाचकांचे प्रश्न

फोर बाय फाइव्ह, म्हणजे चार बाय पाच इंची फिल्मचा लार्ज फॉरमॅट कॅमेरा घेतलाय. पहिली लेन्स कोणती घेऊ? (नाशिक)

१५० मिमीची. या फिल्मचा कर्ण साधारण १५३ मिमी, त्यामुळे इथली नॉर्मल (ना वाइड, ना टेली) लेन्स हीच. श्नायडर सिमार-एस, रोडेनस्टॉक सिरोनार-एन, निकॉर-डब्ल्यू, फुजिनॉन-डब्ल्यू यांत नावासाठी अडून बसू नका. जी चांगल्या अवस्थेत मिळेल ती घ्या. एफ/२२ ऍपर्चरला सिमार-एसचं इमेज सर्कल (लेन्स फिल्मवर टाकते ते प्रतिमेचं वर्तुळ) २१० मिमी आहे. कर्णापेक्षा जेवढं जास्त, तेवढी लेन्स वर-खाली सरकवायला जागा.

एक सेकंदावर शटर अडकतं आणि मग हळूच मिटतं. अशी लेन्स सोडून द्यावी का? (कोल्हापूर)

सोडू नका, पण सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून आधी वजा करा. बहुतेक वेळा संथ वेगांच्या चक्रांमधलं जुनं वंगण घट्ट झालेलं असतं. साफसफाईने शटर पुन्हा चालू लागतं. स्वतः तेल सोडू नका, ते पात्यांवर पसरलं की पाती एकमेकींना चिकटतात.

लार्ज फॉरमॅटमध्ये आधी शटर पाहावं, मग काच, असं माझं ठाम मत आहे. आपण एफ/२२, एफ/३२ वर काम करतो. १०० आयएसओची फिल्म, भर उन्हात एफ/३२ म्हणजे सुमारे १/२५ सेकंद. सावलीत गेलात, पिवळा फिल्टर लावलात की पाव-अर्धा सेकंद सहज लागतो. १/५०० कधीतरीच वापराल, संथ वेग मात्र रोज. शिवाय अशा लेन्सना शटर पुरवणाऱ्या कोपल कंपनीने मेकॅनिकल शटर बनवणं बंद केलंय, त्यामुळे सुटे भाग दुसऱ्या जुन्या शटरमधूनच काढावे लागतात.

मोबाइलवर २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये शटरचा व्हिडिओ घ्या. १/३० ला पाती साधारण ८ फ्रेम उघडी दिसायला हवीत. प्रत्येक वेग चार-पाच वेळा तपासा. दर वेळी सारखीच चूक असेल तर चिठ्ठीवर लिहून ठेवा, काम भागेल. दर वेळी वेगळी असेल तर एक्स्पोजरची चूक न खपवणाऱ्या स्लाइड फिल्मचं काही खरं नाही.

कडेला आतून पांढरे ठिपके आहेत. विक्रेता म्हणतो, काही बिघडत नाही. (मुंबई)

श्नायडरमध्ये भिंगांच्या कडेचा काळा रंग सुटून असे ठिपके येतात. फोटोवर परिणाम होत नाही. भाव कमी करायला मात्र उपयोगी.

पण ते रंगाचेच ठिपके आहेत ना, हे बघा. ऍपर्चर पूर्ण उघडा, शटर उघडं ठेवा, मागून तिरका टॉर्च मारा. जाळ्यासारखे बारीक फाटे दिसले तर बुरशी. किनारपट्टीवर वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या लेन्समध्ये ती हमखास शोधावी, कारण पुसली तरी कोटिंगवर खोदलेला डाग राहू शकतो. कडेला इंद्रधनुषी चंद्रकोर म्हणजे चिकटवलेली भिंगं सुटू लागली आहेत. आणि एकसारखा धूसरपणा सर्वांत वाईट, त्याने कॉन्ट्रास्टच जातो. पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडा चालेल. मागच्या काचेबाबत कडक राहा.

पुढच्या-मागच्या भिंगांचे संच मूळचे एकाच लेन्सचे आहेत का, हेही विचारा.

श्नायडरची ९० मिमीची वाइड लेन्स हवी आहे. साधी अँग्युलॉन घेऊ की सुपर-अँग्युलॉन? (पुणे)

पाठीवर कॅमेरा घेऊन गड चढायचा असेल तर एफ/६.८ ची अँग्युलॉन: इवलीशी, हलकी, पण फिल्म जेमतेम झाकते. इमारती, वाडे टिपायचे असतील तर सुपर-अँग्युलॉनच. एफ/८ वालीचं इमेज सर्कल २१६ मिमी आहे. लेन्सबोर्ड (कॅमेऱ्यावर लेन्स बसवायची पाटी) मागवण्याआधी शटरचा आकार पाहा: कोपल ० ला ३४.६ मिमीचं छिद्र लागतं, कोपल १ ला ४१.६.