उत्तर: १९५७ च्या सिनेमाचं पोस्टर लिलावात घेतलं, खाली पिनकोड छापलाय. फसलो का?

भाऊ, उत्तर तुमच्या शीर्षकातच आहे. पिनकोड आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाले. त्याआधी छापखान्याच्या पत्त्यात 'बॉम्बे ४', 'बॉम्बे ७' असा नुसता विभागाचा आकडा असायचा. १९५७ च्या कागदावर सहा आकडी पिन येणार कुठून? म्हणून पोस्टर बनावट आहे असं मात्र लगेच समजू नका. सिनेमा सत्तरीत किंवा ऐंशीत पुन्हा लागला असेल आणि वितरकाने नवीन छापून घेतलं असेल. तसं असेल तर ते खरंच जुनं आहे, फक्त पहिल्या प्रदर्शनाचं नाही. पण तुम्ही पैसे मोजलेत ते पहिल्या प्रदर्शनाचे, आणि गोम तिथेच आहे.

माझ्यासोबत हेच झालंय. सिनेमा वेगळा, लिलावघर तेच की दुसरं माहीत नाही. तुम्ही नाव घेतलं नाही, मीही घेत नाही. पण तुम्हाला आलेला मेल वाचला आणि डोक्यात तिडीक गेली. 'कॅटलॉगमधील वर्णन हे केवळ आमचे मत असून वस्तू आहे त्या स्थितीत विकली आहे.' मला आलेलं वाक्य जवळपास हेच.

त्यांची युक्ती समजून घ्या. कॅटलॉगमध्ये सिनेमाचं नाव, पुढे साल, मग आकार आणि 'विंटेज'. ते साल सिनेमाचं असतं, कागदाचं नाही. वाचणारा ते कागदाचं समजतो, बोली चढते, आणि नंतर विचारलं की म्हणतात, आम्ही छपाईचं साल लिहिलंच कुठे? माझ्या लॉटच्या, म्हणजे लिलावात घेतलेल्या वस्तूच्या, फोटोत खालची पट्टी, जिथे छापखान्याचं नाव असतं, नेमकी कापलेली होती. मी फोनवर विचारलं तर पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, 'सर, ओरिजिनलच आहे.' कागदावर काही नाही.

पार्सल आल्यावर हरकत घेतली. आधी म्हणाले, फोटो पाठवा. पाठवले. मग म्हणाले, आमचे तज्ज्ञ प्रवासात आहेत. मग, स्वतंत्र तज्ज्ञाचं लेखी मत आणा. कोणाचं चालेल? आम्हाला मान्य असलेल्याचं. मान्य कोण? तर ज्यांनी कॅटलॉग लिहिलं तेच गृहस्थ! हे सगळं होईस्तोवर त्यांच्या अटींमधली परतीची मुदत उलटून गेली, आणि मग पत्र आलं की मुदत संपल्याने प्रकरण बंद करण्यात येत आहे. वर 'सदिच्छा म्हणून' पुढच्या लिलावात प्रीमियमवर, म्हणजे बोलीच्या वर लिलावघर घेतं त्या रकमेवर, थोडी सूट देऊ केली. म्हणजे अजून एकदा फसायला या.

म्हणून सांगतो, फोन बंद. आजच्या आज मेल करा. त्यात लॉट क्रमांक, खालच्या पट्टीचा जवळून काढलेला फोटो, पिनकोड १९७२ च्या आधी नव्हता हे एक वाक्य, आणि 'वर्णन वस्तूशी जुळत नाही, पूर्ण रक्कम परत करावी' एवढंच लिहा. त्यांच्या अटींत परतीची मुदत किती आहे ते शोधा आणि आपण मुदतीत हरकत घेतल्याचं मेलमध्येच नमूद करा. ते 'तपासतो' म्हणाले तरी मुदत थांबत नाही हे धरून चाला.

नाहीच ऐकलं तर ग्राहक आयोग. मी वकील नाही, एखाद्याला दाखवूनच पाऊल टाका. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची आहे. अटींमध्ये 'न्यायक्षेत्र मुंबई' लिहिलंय म्हणून हातपाय गाळू नका. एक अडचण मात्र आहे. पोस्टमध्ये तुम्ही 'गुंतवणूक म्हणून घेतलं, दोन वर्षांनी विकणार होतो' असं लिहिलंय. पुन्हा विकायला घेतलेल्या मालासाठी त्या कायद्यात ग्राहक धरत नाहीत. समोरचा वकील पहिला मुद्दा हाच काढेल, तेव्हा तुमच्या वकिलाला हे आधीच सांगा.

आता पोस्टर पुनर्प्रदर्शनाचं आहे की कालपरवाची नक्कल, हे तुम्ही घरीच बघू शकता. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळ दुरुस्तीवाले डोळ्याला लावतात तसलं चालेल. ते छापखान्याच्या ओळीवर धरा. अस्सल छपाईत ती अक्षरं भरीव असतात, कडा स्वच्छ. जुन्या पोस्टरचा फोटो काढून पुन्हा छापलं असेल तर अक्षरंसुद्धा बारीक रंगीत ठिपक्यांची दिसतात. दुसरं म्हणजे घड्या. आपल्याकडे पोस्टरं घडी घालूनच टॉकीजला जायची, त्यामुळे घडी हा दोष नाही, उलट पन्नाशीतलं पोस्टर एकही घडी नसलेलं दिसलं तर मीच आधी दचकतो. पण घडीवरून बोट फिरवून बघा. माझ्या ओळखीच्या एकाकडे एक पोस्टर आहे, त्यावर घडीची पांढरी रेघ छान दिसते, कोपऱ्यात टाचणीचं भोकही दिसतं, आणि बोट फिरवलं तर सगळं काचेसारखं गुळगुळीत. घडीही छापलेली, भोकही छापलेलं. फ्रेम करून दिवाणखान्यात लावलंय त्याने, मी काही बोललो नाही.

सेन्सॉरचं 'यूए' (लहान मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायचा सिनेमा) प्रमाणपत्र छापलेलं असेल तर १९८३ च्या आधीचं नाही. इंग्रजी पत्त्यात 'बॉम्बे'ऐवजी 'मुंबई' लिहिलं असेल तर बहुतेक १९९५ नंतरचं. अतिनील दिवा मिळाला तर कागद निळसर पांढरा चकाकतो का बघा. चकाकला तर कागदात उजळपणासाठी घातलेलं रसायन आहे, ते साधारण १९५० नंतर वापरात आलं. तुमच्या बाबतीत याने फार काही ठरणार नाही, पण १९३०-४० च्या दशकांतलं म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर उपयोगी.

किमतीबद्दल माझं मत कडवट आहे, पटलं नाही तर सोडून द्या. बातमीत येतात ते आकडे बघून लोक माळे उपसायला लागतात. १९२७ च्या 'मेट्रोपोलिस' या जर्मन मूकपटाचं पोस्टर २००५ मध्ये ६,९०,००० डॉलरला गेलं ते त्याच्या चारच प्रती माहीत आहेत म्हणून. आपल्या सिनेमांची तशी दुर्मीळ पोस्टरं म्हणजे मूकपटांचे दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांच्या काळातली, १९२४ च्या 'कल्याण खजिना'सारखी. तसलं काही हाती लागलंच तर शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते, तुम्हा-आम्हाला ती परदेशात विकता येत नाही, हेही माहीत असू द्या. आणि हातोड्याची किंमत, म्हणजे जिथे बोली थांबते तो आकडा, म्हणजे तुमची किंमत नव्हे. ४०,००० ला लॉट सुटला आणि प्रीमियम २० टक्के असेल तर ८,००० वर चढले, त्या प्रीमियमवर १८ टक्के जीएसटीचे १,४४०, झाले ४९,४४०. वस्तूवरचा कर, पॅकिंग, विमा, कुरिअर वेगळं. विकताना त्याच लिलावघराला पुन्हा कमिशन. दोन वर्षांत यातून नफा काढणारा माणूस मी अजून बघितलेला नाही.

त्यापेक्षा आपल्या नागपूर-विदर्भात शोधा. सिनेमाच्या धंद्यात विदर्भ आजही 'सी.पी. बेरार' (जुना मध्य प्रांत व वऱ्हाड) सर्किटमध्येच, म्हणजे वितरणाच्या विभागात, धरतात आणि वितरकांची ऑफिसं अमरावतीला होती. माझ्याकडची बरीच पोस्टरं आणि शोकार्डं (टॉकीजमध्ये लावायचे सिनेमाच्या फोटोंचे पुठ्ठे) तिकडून आणि नागपूरच्या इतवारीतल्या रद्दीतून आली आहेत, मागे वितरकाचा रबरी शिक्का असलेली. असा शिक्का मला कुठल्याही चकचकीत प्रमाणपत्रापेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो.

लॅमिनेशनचं विचारलंत. नको. गरम प्लास्टिक कागदाला चिकटलं की निघत नाही, आणि असलेली किंमतही जाते. सेलोटेपही नको, त्याचा पिवळा डाग कायमचा बसतो. मागून मलमल लावून घ्यायची असेल तर गव्हाच्या खळीने लावणाऱ्याकडे जा, फेविकॉलवाल्याकडे नको, कारण खळ पुढे पाण्याने सोडवता येते. आणि आपल्या नागपूरची खास गोष्ट म्हणजे ज्या खोलीत कूलर चालतो तिथे पोस्टर ठेवू नका. मे महिन्यात बाहेर ४५ अंश, कागद पापडासारखा वाळलेला, आणि त्यावर रात्रभर ओली हवा. सकाळी लाटा आलेल्या दिसतील. प्लायवूडच्या दिवाणातही नको, लोखंडी कपाटात सपाट ठेवा, अ‍ॅसिड-फ्री कागदात. तो महाग वाटला तर पॉलिस्टर शीट चालते, पीव्हीसीचं फोल्डर मात्र अजिबात नाही.

मेल पाठवण्याआधी मसुदा इथे टाकलात तर बघून देईन. नाव, पत्ता, लॉट क्रमांक खोडून टाका. आणि त्यांनी 'तपासणीसाठी पोस्टर परत पाठवा' म्हटलं तर रक्कम परत करण्याचं लेखी आल्याशिवाय पाठवू नका. पाठवावंच लागलं तर दोन्ही बाजूंचे, पट्टीसकट फोटो काढून, विमा उतरवूनच पाठवा.