हेस्टी म्हणजे ‘लवकर’ नव्हे

प्रश्न : मुलाखतीची तारीख कंपनीने तासाभरात कळवली. मी उत्तरात ‘थँक यू फॉर युअर हेस्टी रिप्लाय’ असं लिहिलं. मैत्रीण म्हणते, चुकलं. खरंच?

उत्तर : मैत्रिणीचं बरोबर आहे. कोशात ‘घाईचा’ एवढाच अर्थ वाचून आपण हेस्टी हा शब्द ‘लवकर’ म्हणून वापरतो आणि फसतो. हेस्टी म्हणताना वेगाचं कौतुक नसतं. विचार कमी पडला, असा ठपका असतो. तुमच्या वाक्यातून ‘विचार न करता खरडलेल्या उत्तराबद्दल आभार’ असं काहीतरी ध्वनित होतं. तिथे ‘प्रॉम्प्ट रिप्लाय’ हवं होतं, ‘क्विक’ही चाललं असतं. चपळ आणि उतावळा यांत जो फरक, तोच क्विक आणि हेस्टीमध्ये. गुडघ्याला बाशिंग बांधणारा आपला नवरा हेस्टी! म्हणूनच हा शब्द डिसिजन, कन्क्लूजन, जजमेंट अशा डोकं शांत ठेवून करायच्या गोष्टींना सर्रास लागतो. लोकल मात्र फास्टच असते, हेस्टी नाही.

प्रश्न : ‘मी घाईत आहे’ याला ‘आय ॲम हेस्टी’ म्हणावं का?

उत्तर : नको. त्याचा अर्थ ‘मी उतावळ्या स्वभावाचा आहे’ असा होईल. ‘आय ॲम इन अ हरी’ म्हणा. हेस्ट हे नाम वापरताना मात्र ‘अ’ गाळा : ‘इन हेस्ट’. ही चूक मला उत्तम इंग्रजी लिहिणाऱ्यांच्या पत्रांतही दिसते.

प्रश्न : मग हरीड आणि हेस्टी एकच का?

उत्तर : जवळचे आहेत. बस सुटेल म्हणून उभ्याउभ्या उरकलेल्या नाश्त्याला दोन्ही चालतात. पण हरीडमध्ये दोष बहुधा घड्याळाचा, हेस्टीमध्ये बहुधा माणसाचा.

प्रश्न : नॅस्टीसारखं हॅस्टी म्हणायचं का?

उत्तर : नाही, टेस्टीसारखं हेस्टी. क्रियापदात मात्र टी मुका होतो : हेसन.

प्रश्न : ‘हेस्टी पुडिंग’ म्हणजे बिघडलेलं पुडिंग का?

उत्तर : मुळीच नाही. इथे ठपका नाही, नुसतं ‘झटपट होणारं’. इंग्लंडात ते गव्हाचं पीठ दुधात किंवा पाण्यात शिजवून करत, अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात मक्याचं. हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी १७९५ मध्ये काढलेल्या क्लबाचं नावही यावरूनच पडलं. सभासद पाळीपाळीने पुडिंगचं भांडं घेऊन येत. अवेळी पाहुणा आला की आपण पिठलं टाकतो ना, त्याच जातीचा हा पदार्थ.