यूकेत थेट वॉर्ड मॅनेजर? आधी बँड ५ बघ

अगं, यूकेत थेट वॉर्ड मॅनेजर होता येईल का असं विचारलंस ना? तुझी आयसीयूत नर्स म्हणून आठ वर्षं वाया जाणार नाहीत, पण एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, थेट वॉर्ड मॅनेजर म्हणजे बँड ७ (बँड म्हणजे पगाराची आणि पदाची पायरी) हे सध्या डोक्यातून काढ. आपण बाहेरून येणारे बहुतेक बँड ५ लाच लागतो, तिथून ६, मग ७. मला ६ मिळायला अडीच वर्षं लागली आणि ती लागतातच, कारण तिथलं सेफगार्डिंग (असुरक्षित पेशंटना त्रास किंवा छळ होऊ नये याची काळजी), डिस्चार्जची पद्धत, कन्सल्टंटला तोंडावर "हा डोस मला बरोबर वाटत नाही" म्हणणं, हे अंगवळणी पडल्याशिवाय अख्खी शिफ्ट सांभाळता येत नाही गं.

आत्ता एवढंच कर:

१. ओईटी नाहीतर आयईएलटीएस, यातली एक इंग्रजीची परीक्षा दे. आयईएलटीएसला रायटिंगमध्ये ६.५ चालतात, बाकी तिन्हीत ७ हवेत.
२. एनएमसीची (यूकेत नर्सेसची नोंदणी करणारी संस्था) सीबीटी, म्हणजे कॉम्प्युटरवरची परीक्षा, भारतातूनच दे; ऑस्की, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा, तिकडे गेल्यावर. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून तुझ्या नोंदणीचं व्हेरिफिकेशन मात्र आधीच टाकून ठेव.
३. ऑफर आली की ते हॉस्पिटल यूके सरकारच्या स्पॉन्सर यादीत (बाहेरच्यांना व्हिसासाठी स्पॉन्सर करायची परवानगी असलेल्यांच्या यादीत) आहे का ते स्वतः बघ.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एजंटला पैसे देणं. व्हिसासाठी लागणारं सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप नोकरी देणारा देतो, ती विकत घ्यायची गोष्टच नाही. माझ्या एका मैत्रिणीने दागिने मोडून पैसे भरले, हातात काही आलं नाही, अजून वाईट वाटतं. आणि कॉन्ट्रॅक्टमध्ये लवकर सोडलं तर किती पैसे परत द्यायचे ते सही करायच्या आधी वाच, नाही कळलं तर मला पाठव.