ताईले विचारा : बापांच्या बैठकीले कोनी येत नाही

ताई, नमस्कार. मी घाटंजी तालुक्यातला. पाच एकर वावर आहे, कापूस आणि तूर. मुलगी अडीच वर्षांची. आमच्या अंगणवाडीताईंनी पालकमेळाव्यात विषय काढला, की मायांच्या बैठका होतात तशी बापांचीही व्हावी. ते काम माझ्या गळ्यात पडलं. पहिल्या बैठकीला १४ जण आले, दुसरीला ६, तिसरीला ३. त्या तिघांतला एक माझा चुलतभाऊ, तोही चहासाठी. एक जण पिऊन आला आणि ताईंना वाटेल ते बोलला. दर वेळी बाहेरून कोणी साहेब येऊन तासभर बोलतात. पारावरची मंडळी मला ‘बचत गटाचे अध्यक्ष’ म्हणून हाक मारतात. आमच्याकडे रोज सांजच्याला गुरुदेव सेवा मंडळाची प्रार्थना होते, तिथे मात्र वीस-पंचवीस माणसं न बोलावता येतात. हे बंद करून टाकू का? खरंच याने काही फरक पडतो का?

— एक कास्तकार, घाटंजी तालुका

भाऊ, बंद करू नका. पण जसं चाललं आहे तसं चालूही ठेवू नका.

तुमचं पत्र वाचून मला माझीच फजिती आठवली. मी बालविकास प्रकल्पात मुख्यसेविका होते, माझ्याकडे पंचवीसेक अंगणवाड्या. एका गावात हौसेने बापांची बैठक लावली. जुलै महिना, मंगळवार, सकाळी ११ वाजता. चार जण आले. दोघे सरपंचाच्या धाकाने, एक म्हातारबा काही वाटप आहे असं समजून, आणि चौथा कोण होता ते शेवटपर्यंत कळलं नाही, त्याला लेकरूच नव्हतं. मी घरी येऊन तणतणले, ‘या माणसांना लेकरांचं काही पडलेलंच नाही.’ दुसऱ्या दिवशी तिथली मदतनीसबाई मला म्हणाली, “मॅडम, वावरात डवरे सुरू हायेत. तुमी बापायले अकरा वाजता बोलावता, मंग येईन कोन? आलाच तं रिकामटेकडा येईन.”

एवढी नोकरी झाली होती माझी, आणि हे मला तिने सांगावं लागलं.

मग आम्ही पोळ्याच्या आधीचा रविवार धरला. वेळ सांजची, ढोरं बांधून झाल्यावरची. निरोपात ‘बैठक’ हा शब्दच ठेवला नाही. ‘तान्ह्या पोळ्याचा नंदी करायचा आहे, लेकराला घेऊन या,’ एवढंच. वावरातली चिकण माती टोपल्यात भिजवून ठेवली. गावच्या सुताराने लाकडाची छोटी चाकं काढून दिली, त्याचे पैसे त्याने घेतले नाहीत. २२ बाप आले. एरवी तान्ह्या पोळ्याला लेकरू नंदी घेऊन घरोघरी बोजारा (खाऊ-पैसे) मागत फिरतं, तो नंदी बाजारातून येतो किंवा आजोबाचा जुना असतो. त्या दिवशी बाप मांडी घालून मातीत बसले आणि लेकरं त्यांच्या मांडीत.

हात कामात गुंतले की माणूस बोलतो. एका बापाने पोराकडे पाहत मोठ्याने विचारलं, “आरे, हे डावखुरं हाये काय?” दारातून त्याची बायको म्हणाली, “तीन वर्सं झाले.” सगळे हसले, तोही हसला, आणि मग बराच वेळ तो पोराचा डावा हातच पाहत राहिला.

त्याच संध्याकाळी वजनकाटा बाहेर काढला. एक नियम केला : लेकरू काट्यावर बापाने ठेवायचं, आकडा बापाने वाचायचा आणि कार्डावर ठिपकाही बापानेच द्यायचा. तिसरीत शाळा सुटलेला एक जण पेन्सिल घेऊन दोन मिनिटं त्या तक्त्यावर अडला. ठिपका दिल्यावर म्हणाला, “माही पोट्टी पिवळ्यात काऊन? बाकीचे तं हिरव्यात हायेत.” पिवळा म्हणजे वजन कमी, हे त्याच्या बायकोला मी पाच वेळा सांगितलं होतं. तिने घरी सांगितलं असेलही, नसेलही. पण स्वतःच्या हाताने दिलेला ठिपका वेगळा. त्या आठवड्यापासून त्याने घरची अंडी बाजारात नेणं थांबवलं.

म्हणून तुमच्या साहेबांना नमस्कार करून वाटेला लावा. भाषण ऐकायला बाप यावा असं त्या भाषणात काय असतं? ‘व्यसन सोडा, लेकरांकडे लक्ष द्या.’ म्हणजे सुरुवातच गुन्हेगार ठरवून. बाप येईल तो हाताला काम असेल तर आणि लेकरू सोबत असेल तर.

जागा तर तुमच्या पत्रातच आहे. जिथे वीस-पंचवीस माणसं रोज आपणहून बसतात, तिथे अंथरलेली सतरंजी प्रार्थना झाल्यावर अर्धा तास उशिरा गुंडाळा. महिन्यातून एकदा, जास्त नाही. मंडळाच्या बुजुर्गांना आधी विचारा, ते नाही म्हणणार नाहीत. आणि पंचांग तुमच्या वावराचं धरा. पेरणीच्या आणि सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत बैठक लावूच नका. कापसाचे वेचे सुरू झाले की बाया दिवसभर वावरात असतात, घरी लेकरू कोणाजवळ हा प्रश्न तेव्हाच टोकाचा होतो, म्हणून तेव्हाची एक बैठक चुकवू नका.

फरक पडतो का, हे विचारलंत. आपल्याच जिल्ह्याचं सांगते. सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान, युनिसेफ आणि आपला बालविकास विभाग यांनी यवतमाळ आणि औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) या दोन जिल्ह्यांत ‘आरंभ’ नावाचं काम उभं केलं. अंगणवाडीताईंना शिकवलं, की घरभेटीत नुसतं वजन आणि आहार नको. लेकराशी बोला, खेळा, गाणं म्हणा, हे आईबापांना करून दाखवा. पालकमेळाव्यात बापाला मुद्दाम बोलवायचं, हे त्यातच आलं. तुमच्या ताईंनी जो विषय काढला त्याचं मूळ बहुतेक तिथेच असावं, विचारून पाहा.

दुसरं उदाहरण फार लांबचं आहे, आफ्रिकेतल्या रवांडाचं. तिथे ‘बांदेबेरेहो’ नावाच्या कार्यक्रमात नव्या बापांचे गट केले. शिकवणारे गावातलेच बाप. बापांच्या १५ बैठका, त्यातल्या ८ बैठकांना बायकोही सोबत. जवळपास १२०० जोडप्यांवर त्याचा अभ्यास झाला आणि तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पावणेदोन वर्षांनी विचारलं तेव्हा गटात बसलेल्यांच्या घरी बायकोला होणारी मारहाण कमी होती, लेकरांना मारणंही कमी होतं, आणि गरोदरपणाच्या तपासणीला नवरे जास्त वेळा सोबत जात होते. १५ बैठका, भाऊ. तुम्ही तिसरीलाच पाटी पुसायला निघालात.

पिऊन आलेल्याचं. त्याला त्या दिवशी बसू द्यायचं नाही, यात भीड नको. ताईंना अपशब्द बोलला त्याची माफी त्याने शुद्धीवर असताना, त्यांच्या दारात जाऊन मागावी, आणि ती मागायला लावणं हे तुम्हा पुरुषांचं काम, ताईंचं नाही. मात्र पुढच्या बैठकीचा निरोप त्यालाही जाऊ द्या. माझ्या अनुभवात असे दहातले तीन-चार परत येतात.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, पण ती येणार. गट जमला की एखादा बाप सगळे उठल्यावर मागे रेंगाळेल, चपला शोधल्यासारखं करेल. त्याच्या डोक्यात लेकराचं वजन नसेल, सावकार असेल, बोंडअळी असेल, किंवा रात्रभर झोप नसेल. त्याला उपदेश करू नका, त्याच्यासोबत घरापर्यंत चाला. १४४१६ हा सरकारच्या ‘टेलिमानस’चा नंबर आहे, फुकट आहे, मराठीतही बोलतात. तुमच्या मोबाईलवरून, तुम्ही शेजारी बसून लावून द्या. ‘मरावंसं वाटते’ असा शब्द कोणी काढला, तर त्या रात्री त्याला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरातून हलवा आणि सकाळी दवाखान्यात घेऊन जा.

आणि हो, चहा कोण करतं तुमच्याकडे? पत्रात नाही, पण मला अंदाज आहे. बापांच्या बैठकीचा चहा बापांनी करावा. एका गावात पहिल्या चहात साखर दोनदा पडली होती, त्या चहाची आठवण अजून निघते.

पारावरच्यांचं सोडा. माझे यजमान एस.टी.त वाहक होते. मुक्कामी गाडी नसली की सकाळी मुलीच्या दोन वेण्या घालून द्यायचे, तिकिटं फाडणाऱ्या हातांनी भांगही सरळ पाडायचे. डेपोत त्यांना वर्षभर ‘न्हावी’ म्हणत. पुढे त्याच डेपोतला एक जण घरी आला, त्याची बायको दवाखान्यात होती. म्हणाला, “दादा, ते रिबिन कसं बांधता, दाखवा.”

ताई, मी ब्रह्मपुरी तालुक्यातला, धानाची शेती. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी, आरमोरीकडे आहे. बाळ १८ दिवसांचं, जन्माचं वजन २ किलो १०० ग्रॅम. मी सासरवाडीला गेलो की खुर्ची देतात, पाहुणचार करतात आणि बाळ लांबूनच दाखवतात. ‘जावयानं एवढ्या लहान जिवाले हात लावू नये’ म्हणतात. मी काही करू शकतो का?

— एक नवा बाप

जावईबापू, अंक हातात पडेपर्यंत बाळ दीड-दोन महिन्यांचं झालेलं असेल, म्हणून तुम्हाला वेगळं पत्र आधीच टाकलं आहे. इथे लिहिते ते तुमच्यासारख्या इतरांसाठी. आपल्याकडची चाल अशी, की बाप पहिले तीन महिने लेकराच्या गावातच नसतो, आणि गेला तर पाहुणा असतो. मग ‘बापाला लळा नाही’ म्हणायचं.

कमी वजनाच्या बाळाला उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून धरायचं, वरून पांघरूण. याला कांगारू पद्धत म्हणतात. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात, बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या पुरत नव्हत्या म्हणून ती सुरू झाली. दूध आईच पाजू शकते, पण ऊब बापाची छातीही देते. आई झोपली असेल तेव्हा तर बापाचीच गरज. आंघोळ करून, अंगात ताप-सर्दी नसताना, आणि बाळाची मान कशी ठेवायची ते नर्सबाईकडून किंवा आशाताईकडून शिकून मगच.

सासूबाईंना तुम्ही सांगू नका, आशाताईला सांगू द्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. त्यातला एक दिवस विचारून घ्या आणि रोवणी सोडून त्या दिवशी तिथे हजर राहा. आरमोरीकडच्या माणसांना हे परकं वाटायचं कारण नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्याच ३९ गावांत, गावच्या बायांना शिकवून नवजात बाळाची घरी काळजी कशी घ्यायची ते दाखवलं. १९९९ मध्ये ते संशोधन जगापुढे आलं आणि आजच्या घरभेटी त्यातूनच निघाल्या. सासूबाईंनी तरीही बाळ दिलं नाही तर सासऱ्यांना आत बोलवा. आजोबाला बाळ घ्यायचंच असतं, त्यालाही कोणी देत नाही.

ताई, माझा नवरा आमच्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीत आहे. सभेला एकदाही गेला नाही. सहीचं रजिस्टर घरी येते. मुलगी चौथीत आहे. मी बोलली तर ‘तुले काय समजते’ म्हणतो.

— दारव्हा तालुका

बाई, त्या समितीत किमान ७५ टक्के पालक लागतात आणि निम्म्या सदस्य बाया लागतात, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. तेव्हा समिती पुन्हा बनेल तेव्हा तुम्हीच उभ्या राहा. आता शाळेत मायांचे गट असतात, बापांचा गट मी तरी पाहिला नाही, त्यामुळे ‘सही केली की बाप झालो’ हे चालून जातं.

तोवर एक करा. पुढच्या वेळी रजिस्टर घरी आलं की आणणाऱ्याला म्हणा, ‘ते वावरात आहेत, सभेच्या दिवशी शाळेतच येऊन करतील.’ आणि सभेच्या सकाळी मुलीलाच पुढे करा. “बाबा, आज माहा पाढा ऐकायले येजा,” असं तिने म्हटलं की बघा, तो काय कारण सांगतो ते. मला कळवा.