बाबांचं मशीन, भावाची पॉलिसी आणि आईची एफडी

खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. बाबा 66 वर्षांचे, मराठा लाइट इन्फंट्रीतून 2004 साली हवालदार म्हणून निवृत्त. दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक आला, हृदयाचं पंपिंग 35 टक्के. आता झोपेच्या तपासणीत सेंट्रल स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत मधूनमधून श्वास थांबण्याचा आजार, निघालाय. विक्रेत्याने त्यासाठी एएसव्ही नावाच्या श्वासाच्या मशीनचं 2,15,000 रुपयांचं कोटेशन दिलंय. पुण्यातला भाऊ म्हणतो, आधी 42,000 हप्त्याची आरोग्य पॉलिसी काढू, मशीनचे पैसे त्यातून निघतील. नाहीतर आईची 3 लाखांची एफडी मोडू.

ताई, भावाचा बेत आधी निकालात काढते. घरी वापरायचं सीपॅप-बायपॅपसारखं मास्कमधून हवा देणारं मशीन बहुतेक आरोग्य पॉलिसी देतच नाहीत. शिवाय आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं, आणि पंपिंग 35 बघून कंपनी पॉलिसीच नाकारू शकते. अटॅक लपवून फॉर्म भरायचा विचार मनातही आणू नका.

सीमाभागातल्या 865 गावांसाठीच्या, महाराष्ट्र सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेचंही तुम्ही विचारलंय. पण ती दवाखान्यात दाखल झाल्यावरच्या उपचारांची योजना. उशाशी ठेवायचं मशीन तिच्यातून येत नाही.

खरी वाट तुमच्याच घरात आहे. 1 एप्रिल 2003 नंतर सैन्यातून निवृत्त झालेला पेन्शनर ईसीएचएसचा, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा, सभासद असतोच. तुम्ही लिहिता, 'ते कार्ड बीपीच्या गोळ्यांपुरतं.' तसं नाही हो. डॉक्टरांच्या शिफारशीवर ईसीएचएस अशी श्वासाची मशीनंही देते. झोपेच्या तपासणीचा पूर्ण अहवाल, इकोचा रिपोर्ट आणि कार्ड घेऊन बाबांना ईसीएचएसच्या बेळगावच्या पॉलिक्लिनिकमध्ये न्या. तिथून तज्ज्ञांकडे पाठवतील. वेळ लागेल, हेलपाटे होतील. पण मंजुरीआधी स्वतः खरेदी करून मागून बिल लावायच्या भानगडीत पडू नका, ते पैसे अडकतात.

आता कोटेशनचा कागद. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मॉडेलच्या नावाखाली बारीक अक्षरात 'मास्क वेगळा, 7,500' असं आहे. तो मास्क दरवर्षी बदलावा लागेल असं धरूनच हिशोब करा. पण मला मास्कपेक्षा मॉडेलची धास्ती वाटली. नेहमीच्या ॲप्नियात घसा मिटतो; सेंट्रलमध्ये घसा उघडाच असतो, मेंदूच श्वासाचा निरोप धाडत नाही. एएसव्ही दर श्वासाला दाब कमी-जास्त करून ती उणीव भरून काढतं. मात्र 2015 साली 1,325 रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, सगळे पंपिंग 45 टक्के किंवा त्याखालचे. त्यात एएसव्ही वापरणाऱ्यांपैकी 29.9 टक्के हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने दगावले, न वापरणाऱ्यांपैकी 24 टक्के. नंतरच्या, वेगळ्या एएसव्हीवरच्या अभ्यासात तसा धोका दिसला नाही. मी डॉक्टर नाही, पैशाचं बघते. पण बाबांचा आकडा 35 आहे, आणि हे मशीन हृदयाच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय का, की झोपेचा रिपोर्ट बघून विक्रेत्यानेच सुचवलंय, हे पत्रात कुठेच नाही. आधी ते विचारा. शक्य असेल तर चिठ्ठीवर लिहूनच घ्या.

शहापुरात माझ्या ओळखीच्या एका घरी असंच घाईत घेतलेलं मशीन गोदरेजच्या कपाटावर प्लास्टिकमध्ये गुंडाळून पडलंय. आजोबांना मास्क सोसला नाही, चार रात्रींत नाकावर वळ उठले. तेव्हा डॉक्टरांनी जे मशीन ठरवलं ते आधी महिनाभर भाड्याने मिळतं का बघा. आणि पावसाळ्यात तुमच्याकडे रात्रभर वीज जाते ती जाते, तेव्हा इन्व्हर्टरचा खर्चही मशीनच्याच खात्यात धरा.

आईची एफडी मोडू नका. मंजुरी रखडली आणि डॉक्टर थांबायला नको म्हणाले, तर त्याच बँकेत एफडीवर कर्ज काढा. सहसा एफडीच्या दराहून एक-दोन टक्केच जास्त पडतं, आणि आईची ठेव जागेवर राहते. भाऊ 42,000 काढायला तयारच आहे, तर ते त्याने आईच्या खात्यात टाकावेत. त्यातून मास्क, फिल्टर, बेळगावच्या फेऱ्या सगळं भागेल.

कोटेशनवर 'ऑफर शनिवारपर्यंत' असा शिक्का आहे. शनिवार जाऊ दे की.