लाकडी जहाजाचं मॉडेल पहिल्यांदाच करायचंय, किट कुठलं घेऊ आणि हत्यारं काय लागतील?

तुम्ही लिहिलंय की आधी असलं काही केलेलं नाही, पण तीन डोलकाठ्यांच्या तोफावाल्या जहाजाचं किट ऑनलाईन बघून ठेवलंय, ते घेऊ का आणि सोबत मिनी ड्रिल, छोटा टेबल सॉ पण मागवू का. मी म्हापशाला राहतो आणि बरीच वर्षं हेच करतोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ते किट आत्ता नका घेऊ. फोटोत तोफा, दोर, शिडं उठून दिसतात पण जहाज चांगलं झालंय की नाही ते कळतं हलच्या, म्हणजे जहाजाच्या बाहेरच्या अंगाच्या, फळ्यांवरून, आणि एवढ्या मोठ्या किटमध्ये फळ्या मारून होईपर्यंतच माणूस थकतो, पुढचं दोरकाम तर तसंच पडून राहतं. एका डोलकाठीचं, प्लँक ऑन बल्कहेड पद्धतीचं (कीलवर, म्हणजे तळाच्या कण्यावर, बल्कहेड नावाचे आडवे साचे बसवून त्यांवर फळ्यांच्या पट्ट्या मारायच्या) किट बघा, त्यातही डबल प्लँकिंगवालं. म्हणजे आतला थर जरा जाड साध्या लाकडाचा आणि त्यावर पातळ चांगल्या लाकडाचा. आतल्या थरात खळगे राहिले तरी पुट्टी भरून घासता येतात, वरून काही दिसत नाही.

आता खरं काम. कीलच्या खाचांत बल्कहेड बसवले की लगेच पट्ट्या मारायला हात शिवशिवतात, पण आधी फेअरिंग करायचंच. बल्कहेडच्या कडा काटकोनात कापलेल्या असतात आणि नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, हल आत वळत जातो, त्यामुळे त्या कडा तिरक्या घासल्या नाहीत तर पट्टी नुसत्या कोपऱ्यावर टेकते आणि वरून कितीही पॉलिश करा, हलवर उंचवटे दिसतात. लाकडाच्या ठोकळ्याला १२० नंबरचा पॉलिशपेपर लावून घासा आणि मधेमधे एक पट्टी आडवी वाकवून धरून बघा, प्रत्येक बल्कहेडवर ती पूर्ण टेकली पाहिजे. खालून उजेड दिसला तर तिथं लाकडाची पातळ चकती चिकटवून भरा. याला आठवडा गेला तरी जाऊ दे.

मग टेपरिंग. समजा पट्टी ५ मिमी रुंद आहे आणि मधल्या सगळ्यात मोठ्या बल्कहेडची कड एका बाजूने १०० मिमी भरते, म्हणजे २० पट्ट्या. तीच कड नाळेजवळ ६० मिमीच असेल तर तिथं प्रत्येक पट्टी ३ मिमी पाहिजे, म्हणून पुढच्या टोकाला ती निमुळती तासायची. निम्म्याच्या खाली तासायची नाही, तशी वेळ आली तर एखादी पट्टी अलीकडेच थांबवायची आणि मागे फट पडत असेल तर तिथं पाचर घालायची. एक पट्टी डावीकडे, एक उजवीकडे अशीच मारत जा, एकाच बाजूच्या सगळ्या मारल्या तर कील पिळतो.

हे पुस्तकात वाचून जेवढं कळतं त्यापेक्षा जास्त खरी लाकडी बोट बघून कळतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा डागडुजीला वर काढलेली लाकडी बोट कुठं दिसली तर मालकाला विचारून जवळ जा आणि एकाच फळीवर मधून नाळेपर्यंत हात फिरवा, कशी बारीक होत गेलीय ते बोटांना कळेल.

हत्यारं: ११ नंबरच्या ब्लेडची हॉबी नाईफ, बारीक दातांची करवत, हाताने फिरवायचं छोटं ड्रिल, नीडल फाईल्सचा सेट, चिमटा, स्टीलची पट्टी, झालं. क्लॅम्प म्हणून कपड्यांचे चिमटे चालतात. मिनी ड्रिल, टेबल सॉ काही नको. पट्टी अर्धा तास पाण्यात भिजवून केस सरळ करायच्या मशीनवर हळूहळू वाकवली की सुंदर वळते, मग चिमटे लावून जागेवरच सुकू द्या आणि सुकल्यावर चिकटवा. चिकटवायला पांढरा फेविकॉल, इन्स्टंट ग्लू फक्त अडलेल्या जागी, कारण त्याचा डाग पडला तिथं पॉलिश धरत नाही.

आपल्याकडची हवा हा वेगळा विषय. जुलैत लाकूड फुगलेलं असतं, तेव्हा मारलेल्या पट्ट्या जानेवारीत आकसून फटी पडतात. मी पावसात प्लँकिंग करतच नाही, तेव्हा डोलकाठ्या, होड्या, दोरकाम काढतो. करायचंच असेल तर पट्ट्या सिलिका जेल घालून बंद डब्यात ठेवा आणि लागतील तेवढ्याच बाहेर काढा. सुतार साग सुचवेल, पण त्याची छिद्रं १:४८ स्केलला (खऱ्याच्या ४८ पट लहान) फार मोठी दिसतात. हेदू (हळदू) मिळाला तर बघा, बराच बारीक पोताचा असतो.

दोराला मेण लावलेला सुती धागा, पण जाडी स्केलप्रमाणेच, १० मिमीचा दोर १:४८ ला जेमतेम ०.२ मिमी होतो आणि बहुतेक किटमधला दोरा यापेक्षा जाड असतो, तो बदलाच.

पुढे कधी किटशिवाय करावंसं वाटलं तर गोव्यातच बांधलेली नौदलाची शिडाची नौका आयएनएसव्ही कौंडिण्य घ्या, फेब्रुवारी २०२५ मध्ये पाण्यात उतरली. अजिंठ्याच्या चित्रावरून केलेली, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या. तिचं पण आधी मॉडेल करून आयआयटी मद्रासला चाचण्या घेतल्या होत्या. ती शिवण दाखवायची तर १:४८ ला नाही जमणार, १:२४ धरा, आणि भोकं पाडायला अर्धा मिमीचे ड्रिल बिट जास्तीचेच आणून ठेवा कारण ते मोडतात.

एक डोलकाठीची दोन-तीन किट नजरेत असतील तर इथंच कमेंटमध्ये फोटो टाका, फळ्या कशा आहेत ते बघून सांगतो.